पहिली प्रत

ग्रंथपाल पुस्तक कसं बघतात हे एकदा तरी बघण्यासारखं असतं. साधं गिऱ्हाईक आधी मुखपृष्ठ बघतं, मग पाठीमागची किंमत, आणि मग आपण उगाचच थांबलो असा चेहरा करून पुढे सरकतं. ग्रंथपाल मुखपृष्ठाकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते पुस्तक मधोमध उघडतात, दोन्ही बाजू मागे वाकवून कणा किती सोसतो ते पाहतात, शिवणीत अंगठा घालतात, पान उजेडासमोर धरतात. भाड्याने घर बघायला आलेला माणूस नळ सोडून बघतो, दारं लावून बघतो, तसं. लेखक कोण, हे त्यानंतर.

ग्रंथालय परिषदेच्या दालनात त्या सकाळी असे कितीतरी अंगठे फिरत होते, आणि कोपऱ्यातल्या दोन टेबलांमागे उभी राहून सूनबाई ते धडधडत्या छातीने बघत होती. शेजारी खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांची छाती मुळीच धडधडत नव्हती. त्यांनी चपला काढून टेबलाखाली सरकवल्या होत्या, मांडीवर पिशवी घेतली होती, आणि कुणी पुस्तक उचललं की त्या त्याच्या चेहऱ्याकडे न बघता अंगठ्याकडे बघत होत्या.

प्रकाशन सासऱ्यांनी सुरू केलेलं. ते जाऊन आता दोन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून सासूबाई एकट्याच सगळं ओढत होत्या. हस्तलिखितं वाचणं, कागद निवडणं, बाइंडरशी भांडणं, लेखकांचे रुसवे काढणं, सगळं. मुलाला, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याला, पुस्तकांचं वावडं नव्हतं. पण तो पूल बांधणाऱ्या कंपनीत होता आणि सतत फिरतीवर असायचा. पूल बांधणं हा त्याचा धंदा असला तरी आई आणि बायको यांच्या मध्ये पडायचं नाही, हे त्याने लग्न झाल्या झाल्या ठरवून टाकलं होतं, आणि त्या निश्चयापासून तो आजवर ढळला नव्हता.

सूनबाई विमा कंपनीत होती. तिने वर्षभराची बिनपगारी रजा काढली आणि एका सकाळी सासूबाईंसमोर जाऊन सांगितलं की मला तुमच्याबरोबर काम करायचं आहे, नुसती खोकी उचलायला नाही, पुस्तकं निवडायला. सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी अट घातली. एक पुस्तक तुझ्या पसंतीचं काढू. परिषदेत ग्रंथनिवड समितीने ते ग्रंथालयांच्या सगळ्या शाखांसाठी घेतलं, तर पुढची पुस्तकंही तूच निवड. नाही घेतलं, तर रजा संपली की गुपचूप विमा कंपनीत जायचं आणि पुन्हा हस्तलिखिताला हात लावायचा नाही. सूनबाईने एका दमात कबूल केलं. 

तिने निवडलेलं पुस्तक म्हणजे 'धुलाईघर'. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात जन्मभर चादरी, गाऊन आणि उशांचे अभ्रे धुणाऱ्या बाईंनी ते लिहिलं होतं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून लिहायला बसल्या, असं त्यांनी स्वतःच पहिल्या पानावर सांगून टाकलं होतं. चार प्रकाशकांनी ते साभार परत केलं होतं. सूनबाईने ते बसमध्ये वाचायला घेतलं आणि तिचा थांबा गेला. सासूबाईंचं मत वेगळं पडलं. "कपडे धुण्याचं पुस्तक कोण वाचणार? ज्यांच्या घरी धुणं पडलंय ते वाचायचे नाहीत आणि ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना काय पडलंय," असं म्हणून त्यांनी हस्तलिखित बाजूला ठेवलं होतं. पण अट ती अट. एकदा काढायचं ठरलं म्हटल्यावर त्यांनी त्या पुस्तकासाठी जो कागद आणला तो स्वतःच्या आवडत्या पुस्तकांनाही आणला नव्हता. ही त्यांची तऱ्हा सूनबाईला कधी कळली नाही, आणि त्याच तऱ्हेवर ती जीव टाकायची.

प्रुफं तपासायची त्यांची पद्धत जुनी होती. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापलेल्या प्रुफावर बोट ठेवून बघत जायचं. वाचणाऱ्याने नुसते शब्द नाही, विरामचिन्हंही म्हणायची. स्वल्प, पूर्ण, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. वाचायचं काम सासूबाईंचं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी 'धुलाईघर' पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा आवाजात कसलाही चढउतार येऊ दिला नाही. स्टेशनावर गाड्यांची घोषणा करणारी बाईदेखील त्यांच्यापुढे भावनाविवश वाटली असती. सूनबाई प्रुफावरून बोट फिरवत मनातल्या मनात म्हणायची, ह्यांना खरंच काहीच होत नाही का?

आणखी एक रीत सासऱ्यांच्या वेळची. नव्या पुस्तकाची पहिली प्रत घरात उघडायची नाही. बाइंडरकडून पुडकं येतं तसंच ठेवायचं आणि वाचकांसमोर फोडायचं. सासरे म्हणायचे, आपण सहा महिने ते पुस्तक बघितलेलं असतं, पहिली नजर त्यांची पडू दे. सासूबाई ही रीत काटेकोर पाळायच्या. या वेळी कण्याचा डिंक वाळायला वेळ लागल्यामुळे बाकीची पुस्तकं अजून बाइंडरच्या यंत्रात दाबाखालीच होती. बाइंडरने एवढी एक प्रत पुढे काढून, तपकिरी कागदात गुंडाळून, सुतळीची गाठ मारून सकाळी थेट दालनात पाठवली होती. पुडकं टेबलावर होतं. सूनबाईने त्याच्यावरून दोनदा हात फिरवला. सासूबाईंनी दोन्ही वेळा बघितलं.

शेजारच्या मोठ्या प्रकाशकाच्या दुकानात पडद्यावर चित्रं हलत होती, पेनं आणि पिशव्या फुकट वाटल्या जात होत्या, आणि एक गोल चक्र होतं, ते फिरवलं की बक्षीस लागायचं. तिथे झुंबड होती. यांच्याकडे पुस्तकं होती, पाण्याचा जग होता आणि सासूबाई होत्या. तरीही जुने ग्रंथपाल पिशवी पदरात पाडून घेतली की सरळ इकडे वळायचे. कारण लवकरच सूनबाईच्या लक्षात आलं. एका लहान गावातल्या वाचनालयाच्या बाईंनी जाडजूड प्रवासवर्णन उचललं, तर सासूबाई म्हणाल्या, हे नेऊ नका, तुमच्याकडे म्हातारी माणसं जास्त, हातात धरवणार नाही, कपाटात पडून राहील. आणि त्या बाईंना चक्क शेजारच्या दुकानातलं एक हलकं पुस्तक सुचवलं. सूनबाईने कपाळाला हात लावला. पण बाई तिथून परत आल्या त्या आणखी दोघींना घेऊन, आणि तिघींनी मिळून टेबलाची एक बाजू रिकामी केली. विमा कंपनीत सूनबाईला लोकांना नको ती पॉलिसी कशी गळ्यात मारायची याचं रीतसर प्रशिक्षण मिळालं होतं. इथे एक बाई नको म्हणून म्हणून विकत होती. सूनबाई मनातल्या मनात तिच्या पाया पडली.

वाचनाची वेळ दुपारी होती. छोट्या सभागृहात प्रत्येक प्रकाशकाने एका नव्या पुस्तकातलं थोडं वाचून दाखवायचं, मग ते पुस्तक रांगेरांगेतून हातोहात फिरायचं, आणि समोर बसलेली समिती प्रश्न विचारायची. समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे उंच, सडपातळ, चष्म्याला दोरी लावलेल्या. सगळ्या राज्यातल्या ग्रंथालयांत त्यांचा दरारा. त्या इतक्या हळू बोलायच्या की ऐकण्यासाठी लोक श्वास रोखायचे, आणि म्हणूनच त्यांच्या सभेत कधी गलका होत नसे. शेजारचा प्रकाशक सासू-सुनेच्या आधी वाचून गेला. चांगलं वाचलं त्याने, खोटं कशाला बोला.

सूनबाई पुडकं घेऊन पुढे गेली. सासूबाई पहिल्या रांगेत कडेला बसल्या. सूनबाईने नमस्कार केला, लेखिकेविषयी दोन वाक्यं बोलली, पहिली प्रत तुमच्यासमोर उघडतो ही आमची पद्धत आहे असं सांगितलं. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा एका ग्रंथपालांनी खिशातली कात्री दिली. लोक हसले. कागद बाजूला झाला, आणि आत 'धुलाईघर' होतं. निळंकरडं मुखपृष्ठ, त्यावर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. सूनबाईला भरून आलं. तिने पुस्तक उघडलं.

पान कोरं होतं.

तिला वाटलं, सुरुवातीचं कोरं पान असेल. तिने उलटलं. तेही कोरं. तिने मधोमध उघडलं, शेवट उघडला, घाईघाईने पानं फरफर सोडली. एक अक्षर नाही. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक बांधायच्या आधी बाइंडर त्याच कागदाची तेवढ्याच पानांची कोरी प्रत शिवून बघतो, कणा किती रुंद येतो आणि वेष्टण नीट बसतं की नाही ते कळावं म्हणून. डमी म्हणतात तिला. दोन्ही प्रती त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी असणार, दोन्हीवर वेष्टण असणार, आणि त्याने नेमकी ती उचलून गुंडाळली. दुसरं कुठलंही घर असतं तर सकाळीच उघडून बघितलं असतं. पण यांची रीत होती ना.

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तक तिला अर्धंअधिक पाठ होतं, पण त्या क्षणी विचारलं असतं तर तिला स्वतःचं नावही सांगता आलं नसतं. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. सूनबाईने पहिल्या रांगेकडे बघितलं. सासूबाईंनी तिचा चेहरा वाचला, उठल्या, एक हात गुडघ्यावर ठेवत पायरी चढल्या, तिच्या हातातून पुस्तक घेतलं, एकदा उघडून मिटलं आणि ध्वनिक्षेपक स्वतःच्या उंचीला ओढून घेतला. बाइंडरने कोरी प्रत पाठवली आहे, छापलेली अजून दाबाखाली आहे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. सभागृहात खसखस पिकली. ती विरेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग कोरं पुस्तक पोटाशी धरून म्हणायला लागल्या.

"चादरीला नाव नसतं, स्वल्प, तिला नंबर असतो, पूर्ण."

लोक पुन्हा हसले. सासूबाईंच्या ध्यानात आलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्यांनी एक घोट पाणी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी विरामचिन्हं गळाली. पण तेवढंच नाही. प्रुफं वाचतानाचा तो कोरडा आवाजही गळाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीनदा ऐकलेलंच पुस्तक सूनबाई जणू पहिल्यांदा ऐकत होती. तळघरातली वाफ, भिंतीतून वरच्या मजल्यांवरून कपडे खाली सोडणारी पत्र्याची घसरगुंडी, गाठोडं पडल्याच्या आवाजावरून आज वरती काय झालं असेल ते ओळखणाऱ्या बायका. मुलं जन्मतात त्या मजल्याचं गाठोडं जड असतं आणि बायका ते हसत हसत उचलतात. एका नव्या डॉक्टरने खिशात विसरलेलं प्रेमपत्र, ते वाळवून, इस्त्री करून, घडी घालून परत देणारी लेखिका, आणि त्यानंतर वर्षभर तिच्याशी नजर न मिळवणारा तो डॉक्टर. इथे सभागृह इतकं हसलं की अध्यक्षबाईंनाही रुमाल तोंडाशी न्यावा लागला. सासूबाई अडखळल्या नाहीत, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. हातातलं कोरं पान मात्र त्या सवयीने उलटत होत्या, बरोबर जिथे उलटायला हवं तिथे.

सूनबाई बाजूला उभी होती आणि तिला कळत होतं की हे पाठांतर नव्हे. एखादी गोष्ट आवडल्याशिवाय माणसाला अशी म्हणता येत नाही. कपडे धुण्याचं पुस्तक कोण वाचणार म्हणणारी हीच बाई ना? तिला राग यायला हवा होता, आला नाही.

पहिलं प्रकरण संपलं. सासूबाई म्हणाल्या, आता शेवट म्हणते, म्हणजे पुस्तक कुठे पोचतं ते कळेल. शेवट सूनबाईला पक्का माहीत होता. लेखिकेचा कामाचा अखेरचा दिवस, मशीन बंद करते, दिवा मालवते, आणि घरी गेल्यावरही कितीतरी वेळ कानात तीच घरघर राहते. तिथे पुस्तक संपतं. सासूबाई तिथपर्यंत आल्या. सूनबाईने टाळ्यांसाठी हात जुळवत आणले. सासूबाई थांबल्या नाहीत.

"एवढं सांगितलं, पण एक राहिलं," त्या म्हणाल्या, आणि सूनबाईच्या अंगावर काटा आला. "हे गेले ते आमच्याच इस्पितळात. मी पुन्हा कामावर आले तेव्हा त्यांच्या वॉर्डातलं गाठोडं तसंच पडलं होतं. कुणी हात लावला नव्हता. सोडलं, तर एक चादर हाताला लागली, कोपऱ्यात ठिगळ असलेली. ठिगळ मीच लावलेलं, निळ्या दोऱ्याने, कारण पांढरा संपला होता. ती त्यांच्या पलंगावर मीच घातली होती. वाटलं, घरी न्यावी. कोण विचारणार होतं? मग वाटलं, वरती कुणीतरी पलंगाची वाट बघत असेल. मी ती धुतली. वाळली तशी घडी घातली आणि ढिगात सगळ्यात वर ठेवली, म्हणजे लवकर जाईल."

हे पुस्तकात नव्हतं. होतं, पहिल्या प्रुफापर्यंत. ते एकदा वाचून झाल्यावर सासूबाईंनी हस्तलिखिताचं ते पान पालथं घातलं होतं आणि म्हणाल्या होत्या, हे काढ, पुस्तक मशीन बंद होतं तिथे संपतं, पुढे नुसती रडारड आहे. सूनबाई त्यावरून तीन दिवस भांडली होती. तेच तर पुस्तक आहे, बाकी सगळं त्याच्याकडे येण्यासाठी आहे, असं तिने परोपरीने सांगितलं. सासूबाई बधल्या नाहीत. हे राहिलं तर पुस्तक राहणार नाही, इथपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा सूनबाईने हात टेकले. लेखिका बिचारी म्हणाली, तुम्ही त्यातल्या जाणत्या, तुम्ही म्हणाल तसं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनात ते पान नव्हतंच. म्हणजे सासूबाईंनी ते फक्त एकदा वाचलं होतं. एकदा.

 कात्री देणारे ग्रंथपाल खाली मान घालून बसले होते. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि सासूबाई त्या टाळ्यांकडे अशा बघत राहिल्या की जणू आपण काय म्हणून गेलो ते त्यांना आत्ता ऐकू येत होतं. अध्यक्षबाईंनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्या म्हणाल्या की असं वाचन त्यांनी परिषदेत फार वर्षांत ऐकलं नाही, समितीला फारसं विचारायचं नाही, फक्त हा शेवटचा भाग कुठल्या पानावर आहे ते सांगा, टिपून घेते.

निवड झाली होती. नुसतं पान सांगायचं बाकी होतं. सूनबाईचं डोकं एकदम चालायला लागलं. बाइंडरकडे पुस्तकं अजून दाबाखाली आहेत, शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांची जुडी, उसवून नव्याने छापून घालता येईल, कुणाला काही कळणार नाही. ती पुढे झाली आणि ध्वनिक्षेपकाकडे वाकून म्हणाली, "शेवटच्या पानावर."

सासूबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब गं," त्या म्हणाल्या. मग समोर बघून म्हणाल्या, "हा भाग पुस्तकात नाही. लेखिकेने लिहिला होता, मी काढायला लावला. ही नको म्हणत होती. हिचं बरोबर होतं, माझं चुकलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'हिचं बरोबर होतं' हे सूनबाईने त्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरात नाही, दाराआड नाही, आणि आता ऐकलं तर भरल्या सभागृहात, ध्वनिक्षेपकावर. तिला हुंदका आवरेना, आणि त्याच वेळी आपलं सगळं हातचं गेलं हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

तसंच झालं. अध्यक्षबाई शेजारच्यांशी दोन शब्द बोलल्या आणि खाली बघत म्हणाल्या की समितीला पुस्तक जसं हातात येतं तसंच घ्यावं लागतं, पुढे काय होणार आहे त्यावर निवड करता येत नाही, आणि हातात तर कोरं आलंय. या परिषदेत 'धुलाईघर' घेता येणार नाही, शेवटासह तयार झालं की पुढच्या वेळी आणा. नियम त्यांनी सांगितला, पण सांगताना त्या उभ्या राहिल्या होत्या. इतरांसाठी त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. मग हात पुढे करून त्यांनी ती कोरी प्रत मागून घेतली. "ही माझ्याकडे राहू दे. खरी घेऊन याल तेव्हा परत देईन." आणि बसता बसता त्यांचा अंगठा आपोआप शिवणीत गेला.

बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. सासूबाई त्यावर बसल्या आणि चपला काढल्या. सूनबाईने आधी बाइंडरला फोन केला. त्याला चूक कळली तेव्हा तो इतका ओशाळला की तिलाच त्याची समजूत काढावी लागली. पुस्तकं तशीच ठेव, शेवटचा फर्मा बदलायचा आहे, एवढं त्याला नीट सांगून तिने फोन ठेवला. लेखिकेला फोन सासूबाईंनी स्वतः केला. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. सासूबाई एवढंच म्हणत होत्या, हो, सगळ्यांसमोर, हो, शब्द न् शब्द, हो, मीच.

आतून पुढच्या प्रकाशकाच्या टाळ्या ऐकू आल्या. सूनबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने स्वतःला सांगितलं होतं की आज बोलायचं नाही, पण मनात ठेवायची तिला सवय नव्हती.

"आई, निवड झाली नाही," ती म्हणाली. "अट ठरली होती. रजा संपली की मी जाते."

सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने शुद्धलेखन सोडून दिलं असावं.

"अट कुणी घातली होती?"

"तुम्ही."

"पुस्तकाचा शेवट कुणी कापला होता?"

सूनबाईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"मग," सासूबाई म्हणाल्या, "जिला शेवट कळला नाही तिची अट घेऊन बसली आहेस? बारा वर्षं माझ्या घरात राहून एवढीच अक्कल आली?"

सूनबाई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून दिला. मग त्या समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या, आणि आवाज पुन्हा प्रुफं वाचतानासारखा झाला, सपाट. म्हणाल्या की रडारड वगैरे काही नव्हतं, ते नुसतं बोलायचं म्हणून. सासरे इस्पितळातून घरी आलेच नाहीत. त्यांचा चष्मा, घड्याळ, वाचत होते ते पुस्तक, सगळं त्यांनी मोजून घरी आणलं होतं. त्यांच्या पलंगावरच्या चादरीचं पुढे काय झालं असेल, हा विचार मात्र त्यांच्या मनात कधी आला नव्हता. स्वयंपाकघरातल्या त्या टेबलाशी ते पान वाचलं आणि मग आला.

"वाचकाला सोसणार नाही म्हणून काढलं असं तुला सांगितलं. मला सोसवेना म्हणून काढलं," त्या म्हणाल्या. "ते करायला नको होतं. पुस्तक काय माझ्या एकटीसाठी काढतो आपण?"

सूनबाईने त्यांचा हात हातात घेतला. सासूबाईंनी तो घेऊ दिला, थोडा वेळ. हस्तलिखिताचं ते पान आता कुठे आहे, असं सूनबाईने विचारलं. सासूबाईंनी मान हलवली. काढायचं ठरलं त्याच दिवशी प्रुफाच्या पानासकट फाडून टाकलं होतं, आणि जुळणीतूनही तो मजकूर पुसला गेला होता. लेखिकेकडेही दुसरी प्रत नव्हती. फोनवर ती म्हणाली होती, मला आता तसं लिहिता यायचं नाही, तुमच्या लक्षात आहे तसंच घाला.

सूनबाईने पिशवीतून किंमतपत्रकांचा गठ्ठा काढला. कागदाची मागची बाजू कोरी होती. पेन शेजारच्या दुकानातलं, फुकट मिळालेलं.

"लिहून घे," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच घे. मला परत म्हणता येईल की नाही, माहीत नाही."

सूनबाईने कागद गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.